हाडात जंतू शिरलेत का? तपासणी कोणती, कधी आणि कशासाठी

“एक्स-रे काढलाय, नॉर्मल आहे. हाडाला काही झालेलं नाही.” पायाची जखम घेऊन आलेल्या रुग्णांच्या घरच्यांकडून हे वाक्य गोव्यातल्या आमच्या इमेजिंग विभागात सारखे ऐकू येते. त्यावर माझा प्रश्न ठरलेला: फोटो कधी काढला? जखम होऊन चार दिवस झाले होते की चार आठवडे? हाडातला जंतुसंसर्ग, रिपोर्टात ज्याला ऑस्टिओमायलायटिस लिहितात तो, पहिल्या आठ-दहा दिवसांत साध्या एक्स-रेवर सहसा दिसत नाही. हाडातले तीस ते पन्नास टक्के खनिज झिजल्याशिवाय फिल्मवर फरक उमटत नाही आणि तेवढे झिजायला दहा ते चौदा दिवस तरी जातात. लवकर काढलेल्या नॉर्मल एक्स-रेचा अर्थ ‘अजून दिसत नाही’ एवढाच. हाड चांगले असल्याचा तो दाखला नव्हे.

घरात पहिल्यांदाच असा प्रसंग आला असेल तर पुढचे सगळे तुमच्यासाठी. औषध कोणते, ऑपरेशन करायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतील. पण सोबत कोणते कागद न्यायचे, मशीनवर झोपण्याआधी काय सांगायचे आणि रिपोर्टातल्या जडजंबाल शब्दांतून काय समजून घ्यायचे, हे तुमच्या हातात आहे. माझ्या पाहण्यात अर्धा उशीर तिथेच होतो.

गोव्यात हे कुठून येते

सगळ्यात मोठी वाट मधुमेहाची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे देशातले सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. साखर बरीच वर्षे चढी राहिली की तळपायाची संवेदना जाते. चपलेतला खडा कळत नाही, नवी चप्पल लागलेली कळत नाही, वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर पाय भाजला तरी घरी आल्यावर मोज्याला लागलेला डाग बघून कळते. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत होमकुंडातून जाणाऱ्या धोंडांपैकी, म्हणजे व्रत घेतलेल्या भक्तांपैकी, ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी दुसऱ्या दिवशी घरच्या कुणाकडून तरी तळपाय नीट बघून घ्यावेत. व्रताला बाधा न आणता एवढे करता येते. वर कातडी फाटली की खाली हाड फार लांब नसते. बोटांच्या टोकाला, चवड्याखाली आणि टाचेला तर मधे मांस जेमतेमच.

दुसरी वाट रस्त्यावरची. दुचाकीचा अपघात, नळीचे हाड कातडी फोडून बाहेर, मग प्लेट किंवा रॉड. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, त्याच जागी एक बारीक भोक पडते आणि पू येत राहतो. तिसरी वाट रक्तातून. लहान मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी आणि मोठ्यांच्या मणक्यात जंतू असेच पोचतात. बहुतेक वेळा ते स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतात. मणक्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडे क्षयरोग कायम डोक्यात ठेवावा लागतो.

पहिली पायरी: फोटोआधीची तयारी

जखम नीट ड्रेसिंग करूनही काही आठवडे भरत नाही, तळाशी हाड दिसते किंवा हाताला लागते, एखादे बोट फुगून लालबुंद झाले आहे, भरलेली जखम पुन्हा फुटून पू येतो. यांपैकी काहीही असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा आणि “हाडापर्यंत गेलंय का?” असे स्पष्ट विचारा. तिथून म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात, नाहीतर थेट बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवतील. थंडी वाजून ताप, पाय काळा पडणे, घाण वास, तासातासाला वर चढणारी लाली असेल तर मात्र एमआरआयची तारीख घेत बसू नका. १०८ ला फोन करा आणि कॅज्युअल्टी गाठा. तिथे फोटो नंतर, आधी पू काढणे आणि शिरेतून औषध.

डॉक्टर जखमेत एक निर्जंतुक, बोथट सळई हळूच घालून बघतात. टोकाला टणक लागले तर हाडाला संसर्ग असण्याची शक्यता बरीच वाढते. रक्तात ईएसआर आणि सीआरपी हे दाह किती आहे ते सांगणारे दोन आकडे बघतात. मधुमेही पायात ईएसआर ७० च्या वर असेल तर संशय बळावतो. सळईची ही तपासणी साधी दिसते म्हणून कुणी घरी काडी किंवा सुई घालून बघू नये. आम्हाला तसे करून आलेले पाय दिसतात, आणि आत गेलेली घाणही.

आता फाइल. जुन्या सगळ्या फिल्म घ्या, अगदी पाच वर्षांपूर्वीच्या फ्रॅक्चरच्याही. आजच्या फोटोत दिसणारा खड्डा तेव्हाही होता का, यावर अर्धे निदान उभे असते. खाजगीत एमआरआय झाला असेल तर सीडी मागून घ्या. फिल्म खिडकीला धरून मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवता येतो, पण त्यावरून रिपोर्ट देता येत नाही. आपल्या पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटून त्यांचा थर निघतो, तेव्हा प्रत्येकीच्या मधे कोरडा कागद घाला. चालू असलेल्या अँटिबायोटिकचे नाव आणि ते कधीपासून घेताय ती तारीख एका चिठ्ठीवर लिहा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर तेही घ्या. ही योजना ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते, म्हणून आपली तपासणी तिच्यात बसते का, हे भरती होण्याआधीच विचारून ठेवा.

दुसरी पायरी: साधा एक्स-रे, आणि तो नीट

एमआरआयच्या जमान्यात एक्स-रे कशाला, असे पुष्कळजण विचारतात. तरीही सुरुवात इथूनच करायची. तो स्वस्त आहे, पाच मिनिटांत होतो, आणि काचेचा तुकडा, जुने फ्रॅक्चर, धातू, जखमेतला वायू हे सगळे दाखवतो. पायाच्या एका एक्स-रेचा किरणोत्सार ०.००१ मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो. निसर्गातून आपल्याला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. त्यामुळे दोन आठवड्यांनी पुन्हा काढायला सांगितले तर किरणांच्या भीतीने टाळू नका.

पायाचे तीन कोनांतून फोटो हवेत: वरून, तिरका आणि बाजूने. एकाच कोनातून काढला तर बोटे एकमेकांवर येतात आणि नेमके हवे ते हाड झाकले जाते. ड्रेसिंग सोडून फोटो काढलेला बरा. पट्टीचे थर फिल्मवर सावली टाकतात, आणि झिंकची पेस्ट किंवा आयोडीनचे मलम पांढरे ठिपके उमटवते. आमच्याकडे यात आणखी एक भर असते, हळद-चुन्याच्या लेपाची. चुन्यात कॅल्शियम असते. कातडीच्या भेगेत अडकलेला चुना फिल्मवर हाडाच्या कणासारखा चमकतो. तेव्हा लेप लावला असेल तर संकोच न करता टेक्निशियनला सांगा. रागावले तर रागावू द्या, पण सांगा.

फॉर्मवर ‘पायाचा एक्स-रे’ एवढेच लिहिलेले असते तेव्हा आम्ही अंदाजाने काम करतो. उजवा की डावा, कितवे बोट, जखम तळाला की कडेला, मधुमेह किती वर्षे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. घाईत राहून गेले असेल तर आत जाताना तोंडी सांगा.

फिल्मवर काय बघतात? सगळ्यात आधी मांसाची सूज. मग हाडाची बाहेरची कडा. निरोगी बोटाच्या हाडाला सलग, बारीक, पांढरी कडा असते. संसर्ग झाला की जखमेच्या बाजूची ती कडा एखाद-दोन मिलिमीटर पुसट होते, पेन्सिलची रेघ खोडरबराने अर्धवट पुसावी तशी. शेजारच्या बोटाची कडा ठसठशीत आणि हिची विरलेली, हे एकदा दाखवले की घरच्यांनाही ओळखू येते. नंतर हाडावरचे आवरण उचलले जाऊन तिथे नव्या हाडाचा पातळ थर येतो. दुखणे महिनोनमहिने मुरले की आतला एक तुकडा मरतो. त्याला रक्त पोचत नाही, म्हणून त्यातले खनिज विरघळून जात नाही, आणि आजूबाजूचे जिवंत हाड झिजून काळसर दिसत असताना हा मेलेला तुकडाच जास्त पांढरा दिसतो. रिपोर्टात त्याला सिक्वेस्ट्रम म्हणतात, आणि त्याच्याभोवती शरीराने रचलेल्या नव्या हाडाच्या कवचाला इन्व्होल्यूक्रम. सिक्वेस्ट्रम हा शब्द दिसला तर नुसत्या गोळ्यांवर भागण्याची आशा कमी धरावी. जिथे रक्त नाही तिथे औषधही पोचत नाही.

कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. बांबूची सलपट, माडाच्या झावळीची शीर, बोरीचा काटा साध्या एक्स-रेवर दिसत नाही. काच दिसते, खिळा दिसतो, लाकूड दिसत नाही. काटा रुतल्याची आठवण असेल आणि जखम भरत नसेल तर सोनोग्राफी करायला सुचवा. तिच्यात लाकडाचा बारीक तुकडाही पकडता येतो.

तिसरी पायरी: थांबायचे की पुढे जायचे

पहिला एक्स-रे नॉर्मल, जखम उथळ, ताप नाही, सळई हाडाला लागत नाही. अशा वेळी डॉक्टर उपचार चालू करून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. यात हयगय नाही. ही रीतच आहे. दोन फिल्म शेजारी ठेवल्या की कडा विरली का ते कळते. मात्र हे फक्त तुम्ही खरोखर परत आलात तरच उपयोगी. चतुर्थी आली, भातकापणी आली, म्हणून दोन आठवड्यांचे दोन महिने होतात, आणि मग बोट वाचवण्याऐवजी पाय कुठपर्यंत ठेवायचा यावर बोलणे सुरू होते.

उलट सळई हाडाला लागत असेल आणि एक्स-रेवरही कडा खाल्लेली दिसत असेल तर निदान पुष्कळदा तिथेच होते. तेव्हा “एमआरआय नाही काढला?” म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. एमआरआय हवा तो मधल्या लोकांना: संशय दाट आहे पण एक्स-रे गप्प आहे, किंवा ऑपरेशनआधी संसर्ग कुठवर पसरला ते बघायचे आहे, किंवा दुखणे मणक्याचे आहे.

चौथी पायरी: एमआरआय

हाडाच्या संसर्गासाठी सगळ्यात कामाची तपासणी हीच. संसर्ग सुरू झाल्यावर तीन ते पाच दिवसांत बदल दिसू लागतात, कारण एमआरआय हाडाची कडा झिजायची वाट बघत नाही. तो आतल्या मज्जेकडे बघतो. मोठ्या माणसाच्या पायाच्या हाडांत मज्जा बहुतेक चरबीची असते. टी-१ नावाच्या चित्रात चरबी पांढरी दिसते. पू आणि सूज आली की चरबीची जागा पाणी घेते आणि तेच हाड टी-१ मध्ये काळे पडते. स्टर किंवा टी-२ फॅट-सॅट या चित्रांत उलटे होते: चरबी दाबून टाकलेली असते, आणि पाणी झळकते. दोन्ही जुळले, म्हणजे एकात काळे आणि दुसऱ्यात पांढरे, आणि जखमेपासून त्या हाडापर्यंत जाणारी वाट दिसली, तर संसर्गाची खात्री वाटू लागते. नुसत्या स्टरमध्ये पांढरे आणि टी-१ मध्ये चरबी जशीच्या तशी असेल तर तो केवळ शेजारच्या जखमेचा परिणाम असू शकतो. मज्जा सगळीकडे स्वच्छ असेल तर हाडाचा संसर्ग जवळजवळ बाद करता येतो. एमआरआयचा हा नकार मला त्याच्या होकारापेक्षाही मोलाचा वाटतो.

आता तुमची तयारी. मशीन चुंबकाचे आहे आणि ते चोवीस तास चालू असते. मशीन आवाज करत नाही म्हणून ते बंद आहे असे समजू नका. त्याची ताकद दीड टेस्ला असेल तर ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट होते. पेसमेकर, कानात बसवलेले कॉक्लियर यंत्र, मेंदूतली क्लिप असेल तर नाव नोंदवतानाच सांगा, आणि त्याचे कार्ड आणा. काही नवे पेसमेकर ठरावीक अटींवर चालतात, पण ते कार्ड बघूनच ठरते. हाडात बसवलेल्या प्लेट आणि स्क्रू सहसा अडचण करत नाहीत. फक्त त्यांच्याभोवती चित्र विस्कटते, स्टीलचे जास्त, टायटॅनियमचे कमी. ऑपरेशनचा कागद असेल तर त्यात धातू लिहिलेला असतो. तो बघून आम्ही धातूचा गोंधळ कमी करणाऱ्या वेगळ्या पद्धतीने चित्रे घेऊ शकतो.

आणि हे वास्कोच्या शिपयार्डात, गॅरेजात किंवा फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आयुष्य काढलेल्यांसाठी: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हा प्रश्न फॉर्मवर असतो, आणि लोक तो न वाचताच ‘नाही’वर खूण करतात. वीस वर्षांपूर्वी ग्राइंडिंग करताना गेलेला आणि विसरलेला कण चुंबकात हलू शकतो आणि दृष्टी जाऊ शकते. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. बाबांच्या वतीने तुम्ही फॉर्म भरत असाल तर हे एक उत्तर त्यांना विचारूनच भरा.

जखमेची जागा आत दिसावी म्हणून आम्ही कातडीवर खूण चिकटवतो. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी व्हिटॅमिन ईची मऊ कॅप्सूल वापरतात: आत तेल, म्हणून टी-१ चित्रात ती पांढरी, लांबट उमटते आणि तिच्या खाली कोणते हाड आहे ते लगेच कळते. पायाला टेपने कॅप्सूल लावलेली बघून एक काकी मला म्हणाल्या, “अरे, ही खायची ना रे?” तर ती खायची नाही, काढायचीही नाही. चांदी असलेले ड्रेसिंग असेल तर ते मात्र आधी उतरवून घ्या.

तपासणी तीस ते पंचेचाळीस मिनिटांची. पायासाठी सहसा पायच आधी आत जातात, डोके बाहेर किंवा मशीनच्या तोंडाशी राहते, तेव्हा बंद जागेची धास्ती असणाऱ्यांनाही जमते. पाय हलला की चित्र फाटते. दुखत असेल तर वेदनाशामक कधी घ्यायचे ते डॉक्टरांना विचारून या. पंचेचाळीस मिनिटे दात-ओठ खाऊन कळ काढण्यात काही शौर्य नाही.

गॅडोलिनियमचे, म्हणजे चित्र उठावदार करणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन सगळ्यांनाच लागते असे नाही. हाडातला बदल त्याच्याशिवायही दिसतो. पू साठून गळू झाले आहे का, कोणता भाग मेलेला आहे, हे बघायला ते उपयोगी पडते. मधुमेहींची मूत्रपिंडे बरेचदा कमजोर असतात, म्हणून क्रिएटिनिन या मूत्रपिंडाच्या रक्त-तपासणीचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. मूत्रपिंडाची क्षमता, म्हणजे रिपोर्टातला ईजीएफआर, ३० च्या खाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर इंजेक्शन द्यायचे का, हे रेडिऑलॉजिस्ट वेगळे ठरवतात.

इथे एक चकवा आहे. मधुमेहात पायाची हाडे आणि सांधे संसर्गाशिवायही ढासळतात. त्याला शारको पाय म्हणतात. पाय लाल, गरम, सुजलेला, आणि एमआरआयवर हाडे झळकणारी. दिसायला दोन्ही एक. पण शारको सहसा पायाच्या मधल्या भागात, बऱ्याच सांध्यांत एकदम असतो आणि वरची कातडी पुष्कळदा शाबूत असते. संसर्ग जखमेच्या अगदी खाली, बोटे, चवडा किंवा टाच इथे असतो आणि तिथून पसरतो. दोन्ही एकाच पायात असले तर भल्याभल्यांची गाडी अडते. म्हणून जखम कुठे आहे आणि ती पहिल्यांदा कधी दिसली, हे सांगण्याला एवढे महत्त्व.

बाकीची यंत्रे, थोडक्यात

सीटी स्कॅन मज्जेतली सुरुवातीची सूज चांगली दाखवत नाही, पण सिक्वेस्ट्रम, वायू आणि हाडातले बारीक भोक दाखवण्यात त्याचा हात धरणारे कुणी नाही. मणक्यातून सुईने नमुना घ्यायचा असतो तेव्हाही बहुधा तोच वाट दाखवतो. आयोडीनचे कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठावदार करणारे औषध, देणार असतील तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असल्याचे सांगा. मूत्रपिंड कमजोर असेल तर ही गोळी काही दिवस थांबवायला लावतात.

बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. त्याचे बळ दर सहा तासांनी निम्मे होते. इंजेक्शननंतर लगेच आणि मग दोन ते चार तासांनी चित्रे घेतात. मधल्या वेळेत भरपूर पाणी प्यायचे आणि लघवीला जाऊन यायचे. उपाशी राहावे लागत नाही. संशयाची जागा तो सहसा चुकवत नाही, पण फ्रॅक्चर, संधिवात, शारको हे सगळेही तसेच उजळतात. पेट-सीटी, म्हणजे साखरेसारखे किरणोत्सारी औषध देऊन काढलेला स्कॅन, मणक्यासाठी आणि धातू बसवलेल्या हाडांसाठी उपयोगी. त्याला चार ते सहा तास उपाशी राहावे लागते आणि साखर शक्यतो २०० च्या आत हवी, नाहीतर चित्र फसते. पेसमेकरमुळे एमआरआय जमत नसेल तर या दोन्हींचा विचार होतो. ही यंत्रे सगळीकडे नसतात, म्हणून तारीख आणि खर्च आधी विचारून मगच निघा.

मुले आणि मणका

लहान मूल ताप येऊन पाय टेकवत नसेल, लंगोट बदलताना किंचाळत असेल, तर ‘पडला असेल’ म्हणून तेल चोळत बसू नका. एक्स-रे इथेही सुरुवातीला नॉर्मलच येतो. सोनोग्राफी हाडाच्या आवरणाखालचा पू आणि खुब्याच्या सांध्यातले पाणी दाखवते. तिला किरण नाहीत, भूल नाही, आणि मूल आईच्या मांडीवर असताना करता येते. खुब्यात पू असेल तर काम तासांचे आहे, दिवसांचे नाही. एमआरआय लागला तर लहान मुलाला झोपेचे औषध द्यावे लागते. त्यासाठी जेवण सहा तास, आईचे दूध चार तास आणि पाणी दोन तास आधी बंद. आजीने प्रेमाने दिलेले अर्धे बिस्कीटही तारीख पुढे ढकलते.

मणक्याचे दुखणे रात्री वाढत असेल, आठवडेच्या आठवडे बाम लावूनही हटत नसेल, सोबत बारीक ताप किंवा वजन घटत असेल, तर कमरेचा एक्स-रे नॉर्मल आहे यावर विसंबू नका. एमआरआय करा, आणि क्षयाचा संशय असेल तर सगळ्या मणक्यांचा, कारण क्षय मधले मणके सोडून दुसरीकडेही बसलेला असू शकतो. साध्या जंतूंचा संसर्ग दोन मणक्यांमधली चकती लवकर खातो. क्षय ती बराच काळ राखतो, मणक्यांच्या पुढच्या पट्ट्याखालून पसरतो आणि बाजूला पातळ भिंतीचे मोठे गळू करतो. चित्रावरून अंदाज बांधता येतो, पण शिक्का मारायला नमुनाच लागतो. पायातली ताकद कमी वाटली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी इस्पितळात जा.

पाचवी पायरी: रिपोर्ट, आणि नंतरचा नमुना

‘मॅरो एडिमा’ म्हणजे मज्जेत सूज. तेवढ्यावरून संसर्ग सिद्ध होत नाही. ‘साइनस ट्रॅक्ट’ म्हणजे हाडापासून कातडीपर्यंतची पुवाची वाट. हा शब्द गंभीरपणे घ्या. ‘पेरिऑस्टियल रिअॅक्शन’ म्हणजे आवरणाने दिलेली प्रतिक्रिया. ‘क्लिनिकली कोरिलेट’ वाचून लोक चिडतात, की एवढे पैसे घेऊन यांनी सांगितले काय? पण त्याचा अर्थ सरळ आहे: चित्रात हे आहे, आता जखम आणि रक्त बघून ठरवा. एमआरआय संसर्गाची हद्द थोडी जास्तच दाखवतो, कारण शेजारची नुसती सूजही झळकते. चित्रात दिसते तेवढे सगळे कापायचे, असा त्याचा अर्थ होत नाही.

जंतू कोणता, हे कुठलेच यंत्र सांगत नाही. त्यासाठी हाडाचा नमुना लागतो. जखमेवरून फिरवलेल्या बोळ्यात कातडीवरचे जंतू येतात आणि औषध चुकते. रुग्णाची तब्येत स्थिर असेल तर नमुन्याआधी काही दिवस, कधी दोन आठवडे, अँटिबायोटिक थांबवतात. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, स्वतःहून नाही. नमुना प्रयोगशाळेत पोचवायचे काम आपल्याकडे बहुतेक वेळा नातेवाइकांवर येते, तेव्हा डब्या दोन हव्यात. एक फॉर्मालिनची, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी. दुसरी निर्जंतुक, फॉर्मालिनशिवाय, जंतू वाढवण्यासाठी. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात. सगळा नमुना एकाच फॉर्मालिनच्या डबीत गेला तर कल्चरला उरतेच काय? हातात एकच डबी दिली तर तिथेच विचारा. क्षयाचा संशय असेल तर त्याच नमुन्यावर सीबीनॅट ही क्षयाचे जंतू शोधणारी तपासणी करायला सांगतात. निदान झाल्यास औषधे राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात.

शेतात, चिखलात काम करणारा मधुमेही रुग्ण, पावसाळ्याचे दिवस, ताप आणि हाडात किंवा सांध्यात पू, असा मेळ असेल तर मेलिओइडोसिसची आठवण डॉक्टरांना करून द्यायला हरकत नाही. माती आणि पाण्यातला हा जंतू पश्चिम किनारपट्टीवर आढळतो आणि नेहमीच्या बऱ्याच औषधांना दाद देत नाही. रुग्ण भातशेती करतो, हे वाक्य फॉर्मवर असलेले केव्हाही चांगले.

उपचार सुरू झाल्यावर पुन्हा फोटो कधी

हाड न कापता औषधावर ठेवले तर मधुमेही पायात साधारण सहा आठवड्यांचा कोर्स असतो. दर पंधरा दिवसांनी एमआरआयचा हट्ट धरू नका. हाड बरे होत असतानाही मज्जा महिनोनमहिने झळकत राहते, आणि मणक्याच्या बाबतीत तर रुग्ण हिंडू-फिरू लागला तरी चित्र पहिल्यापेक्षा वाईट दिसू शकते. ते बघून घरचे उगाच हवालदिल होतात. ताप, वेदना, जखमेचा आकार आणि सीआरपी यांवरून आधी कळते. साधा एक्स-रे अधूनमधून काढतात. पहिल्या काही आठवड्यांत तोही बिघडल्यासारखा वाटेल, कारण झालेली झीज उशिरा उमटते. पुढे विरलेली कडा पुन्हा सलग होताना दिसते.

दुखणे परत वाढले, सीआरपी चढला किंवा बुजलेले भोक पुन्हा वाहू लागले, तर मात्र नवा एमआरआय लागतो, आणि तो शक्यतो पहिला झाला त्याच ठिकाणी करावा, म्हणजे तीच पद्धत, तेच कोन आणि तुलना सोपी. औषध संपल्यावर सहा महिने जखम बंद राहिली आणि हाडात नवे काही दिसले नाही, तरच मधुमेही पायातला संसर्ग गेला असे मानतात. तोवर फाइल माळ्यावर टाकू नका. आणि पुढच्या खेपेला कुणी विचारले, तर एक्स-रेचा निकाल सांगण्याआधी त्याची तारीख सांगा.